निवृत्ती आचाऱ्याने आवळलेले तीन प्लग

जेवल्यावर इंजिनाशेजारी आडवं होऊ नये असं कुठल्याच शास्त्रात लिहिलेलं नाही, म्हणून अंबिका आडवी होते. व्हॅनच्या मागच्या भागात, जिथे एरवी लग्नाची पातेली रचलेली असतात तिथे, पोत्याची घडी डोक्याखाली घेऊन. दुपारचे अडीच वाजलेत. फाल्गुनातल्या उन्हाने शेडचा पत्रा तडतडतोय. हातात प्लगपाना आहे, तो ती खाली ठेवत नाही. ठेवला तर आपण हरलो असं होईल, आणि प्लगांना ते कळेल.

"फक्त अर्धा तास," ती स्वतःलाच बजावते. "तेल मुरेपर्यंत."

हे तेल तिने आठवड्यात आठव्यांदा सोडलंय. पहिल्या दिवशी चमचाभर, काल अर्धी बाटली. प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी बोटाएवढी वस्तू. ह्या इंजिनाला तीन असतात, आणि तिन्ही आपापल्या भोकात असे बसलेत की जणू तिथेच जन्मले आणि तिथूनच त्यांना मोक्षाला जायचंय. पान्याला लोखंडी पाइप जोडून तिने जोर लावला. पाइप वाकला. प्लगांनी कूसही बदलली नाही.

बसू मेस्त्री येऊन बघून गेला. "प्लग मोडला ताई, तर अर्धा आत राहणार," तो म्हणाला. "मग इंजिनाचं अख्खं हेड उघडायचं. ह्या वयात हिचं हेड कोण उघडणार? म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशन सांगतात का कुणी? हात जोडतात." आणि त्याने खरोखरच व्हॅनला हात जोडले आणि गेला.

उद्या सकाळी नऊ वाजता भंगारवाला येणार आहे. शकूमामीने निक्षून सांगितलंय, "आज दिवेलागणीच्या आत गाडीनं आवाज केला तर ठेव. न्हाईतर उद्या जाऊ दे बाई. आठ महिने त्यात कोंबडी अंडी घालतीया, मी बघतीया." मामीचंही चूक नाही. कोंबडीचंही नाही.

पण परवा रविवारी उत्तूरला साखरपुडा आहे, दीडशे पानांचा, आणि ही अंबिकाच्या नावावरची पहिली ऑर्डर आहे. सहा वर्षं ती मामाच्या हाताखाली स्वयंपाकाला जात होती. आता लोक विचारतात, "मुख्य आचारी कोण येणार?" ती म्हणते, "मीच." मग लोक तिच्या खांद्यावरून मागे बघतात, कुणीतरी मिशीवाला उभा असेल म्हणून. उत्तूरकरांनी मागे बघितलं नाही. एवढंच विचारलं, "भांडी कशी आणणार?" ती म्हणाली, "गाडी आहे की आमची." ते खोटं नव्हतं. गाडी आहे. ती येत नाही, एवढंच.

नवे तीन प्लग डब्यात तयार आहेत. बॅटरी भरून आणलीय. जुने निघायचीच काय ती खोटी आहे.

डोळे मिटतात. पत्र्याची तडतड हळूहळू मोहरीची तडतड होते. कुणीतरी फोडणी देतंय. हिंग जरा उशिरा पडतोय, असं तिला वाटतं, आणि ते सांगायला ती डोळे उघडते, तर ड्रायव्हरच्या सीटवर मामा बसलेत.

निवृत्ती रेडेकर, आजरा तालुक्यातले आचारी, वय अठ्ठावन्न, मयत. गेल्या चैत्रात ताप आला आणि तीन दिवसांत गेले. नावात निवृत्ती, पण उभ्या आयुष्यात एक दिवस सुट्टी घेतली नाही. घेतली ती एकदमच घेतली.

"मामा," अंबिका म्हणते, "उठा."

मेलेलं माणूस अकरा महिन्यांनी भेटल्यावर आधी काय बोलावं ह्याचे काही नियम असतील. पण तिला घाई आहे.

"आल्या आल्या उठा?" मामा आरशातून तिच्याकडे बघतात. "बसा म्हणायची पद्धत असते, अंबे. पाणी विचारायची पद्धत असते."

"बसलेलेच आहात. आणि नेमके इंजिनावर."

ते खरंच आहे. ह्या जातीच्या व्हॅनला नाक नसतं. इंजिन पुढच्या सीटखाली असतं, आणि ड्रायव्हर अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा त्याच्यावर बसून तालुकाभर फिरतो. प्लग काढायचे तर आधी सीट उचलावी लागते.

"मग उचल की," मामा म्हणतात.

"तुमच्यासकट?"

"हलका झालोय आता."

ती सीटखाली हात घालते आणि जोर लावते. सीट तसूभर हलत नाही. मामा जिवंत होते तेव्हा पंच्याहत्तर किलोचे होते. मेल्यावर बहुतेक टनात मोजतात.

"मला जागेवरून उठवायला आलेली तू पहिलीच," मामा समाधानाने म्हणतात. "तेल कुठलं घातलंस?"

"गंज सोडवायचं."

"गंज हाय?"

"नाहीतर काय असणार?"

मामा खिडकीबाहेर बघतात. तिला वाटतं, बाहेर काहीतरी आहे. म्हणून तीही बघते, तर बाहेर मांडव आहे.

मांडवामागची स्वयंपाकाची जागा. तीन भट्ट्या पेटल्यात. मधल्या भट्टीवर सगळ्यात मोठं पातेलं आहे आणि त्यात इंजिन शिजतंय. रश्श्यातून तीन प्लगांची पांढरी डोकी वर आलीत, मुळ्याच्या फोडींसारखी. वाढपी रिकामी ताटं घेऊन धावतायत. कुणीतरी ओरडतं, "पाचशे पानं बसली! प्लग वाढा!"

"हलवू नकोस," मामा म्हणतात. त्यांच्या हातात झारा आहे आणि कमरेला तो जुना, हळदीने पिवळा झालेला पंचा. "भाताचं झाकण कधी काढायचं?"

"वाफ धरल्यावर."

"मधे उघडून बघतीस?"

"नाही."

"मग ह्यांना का दर तासाला हलवून बघतीस? नवीन सुनेला सासू विचारतीया तसं. काय गं, काही विशेष?"

"मग काय करू? उद्या नऊला भंगारवाला येतोय."

"आधी थोडं आवळ."

"आवळू? आधीच हालत नाहीत!"

"घट्ट बसलेल्याला ओढलं की ते जास्त धरून बसतं. आधी त्याचंच खरं म्हणायचं. तू म्हणतोस तसंच बाबा, अजून थोडा घट्ट हो. मग ते गाफील झालं की सोडवायचं." मामा झारा तिच्यासमोर नाचवतात. "तुझ्या मामीबरोबर तेहतीस वर्षं मी असाच संसार केला."

"तेही करून बघितलं मामा. पुढे जात नाहीत, मागे येत नाहीत."

"म्हंजे मामीसारखेच," मामा म्हणतात, पण आवाजात नेहमीचा ठसका नाही. पातेल्यात बघायचं ते टाळतायत.

फेटा बांधलेला यजमान येतो. त्याला चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी लग्नपत्रिका आहे. पत्रिका विचारते, "मुख्य आचारी कोण?"

मामा झाऱ्याने अंबिकाकडे दाखवतात. "ही."

पत्रिका अंबिकाच्या मागे बघते. अंबिकाही मागे वळते, कारण तिलाही आता शंका यायला लागलीय. मागे नदी आहे.

हिरण्यकेशी. रामतीर्थाचा घाट, काळा कातळ, त्यावरून खळाळणारं पाणी. पायऱ्यांवर कावळ्यांची पंगत बसलीय, दोन ओळी समोरासमोर, प्रत्येकासमोर पत्रावळ. पत्रावळीवर भाताची मूद. एकही कावळा खात नाही. सगळे चोच बंद करून, रुसलेल्या व्याह्यांसारखे बसलेत.

अंबिकाला ही जागा माहीत आहे. इथेच मामाचा दहावा झाला. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. गेलेल्याची इच्छा अडकली असली की असं होतं, म्हणून मग एकेकाने पुढे होऊन वचनं द्यायला सुरुवात केली. मामी म्हणाली, "तुमची पातेली कुणाला देणार न्हाई." कावळा आला नाही. मामाचा चुलतभाऊ घामाघूम होऊन म्हणाला, "बांधाचं भांडण मिटवतो." कावळ्याने मान वळवली. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले, आणि शेवटी अंबिका पुढे झाली. "मामा, तुमची व्हॅन मी चालती ठेवीन." म्हणायचा अवकाश, कावळा झडप घालून आला. सगळा घाट म्हणाला, बघा, जीव गाडीत होता.

"तेवढ्यासाठी अकरा महिने मरतेय मी," ती आता मामांना सांगते. दोघं वरच्या पायरीवर बसलेत. "तुमचा जीव गाडीत होता म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"कावळा शिवला की."

"कावळा!" मामा एकदम तापतात. "तांदूळ बघितला होतास?"

"कुठला तांदूळ?"

"पिंडाचा! आजऱ्यात जन्मलो, आजऱ्यात मेलो, चाळीस वर्षं लोकांना घनसाळ खिलवला. अर्ध्या फर्लांगावरून माणूस वासावर मांडवात यायचा. आणि माझ्या पिंडाला कोलम? तोही दुकानातला सुटा? ना वास, ना चव, शितं बघ कशी एकमेकांशी भांडल्यागत लांब लांब. मी काय शिवणार त्याला!"

पंगतीतले सगळे कावळे माना डोलावतात.

"पण मग शिवलात की शेवटी."

"दीड वाजला होता, अंबे," मामा पडलेल्या आवाजात म्हणतात. "भूक लागली."

"म्हणजे माझं वचन..."

"ऐकलंच न्हाई मी. केवढी कावकाव होती."

पाणी कातळावरून खाली जातं आणि जरा वेळाने तेच पाणी पुन्हा वरून येतं. अंबिका त्याच्याकडे बघत बसते. अकरा महिने. आठ वेळा तेल. वाकलेला पाइप. तळहाताला आलेले फोड फुटून त्यावर आलेले नवे फोड.

"बरं झालं कळलं," मामा तिची समजूत घालतात. "सुटलीस. वचन दिलंस ते कावळ्याला, मला न्हाई. जाऊ दे गाडी भंगारात. माझं काही म्हणणं न्हाई."

आता आपल्याला हलकं वाटायला पाहिजे, असं अंबिकाला वाटतं. ती थोडा वेळ वाट बघते. हलकं वाटत नाही.

"मला सुटायचं नाहीये," ती म्हणते.

"मग?"

"मला गाडी पाहिजे. तुमच्या आठवणीसाठी नको. आठवणीला फोटो आहे, हार आहे, मामी रोज तुम्हाला शिव्या घालते ते आहे. मला गाडी माझ्यासाठी पाहिजे. रविवारी दीडशे पानं आहेत. त्यानंतर कुणी बोलावलं तर तिथली आहेत. दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघत रस्त्यावर पातेली मांडून बसणारी बाई म्हटलं की लोक परत माझ्या मागेच बघणार. प्लग मोडला तर मोडला, हेड उघडायला लागलं तर बसूचे पाय धरीन, ते नाही जमलं तर मीच उघडीन. पण काढणार."

कावळे खायला लागतात. सगळे एकदम.

मामा पंच्याने तोंड पुसतात. "तर मग तुला एक दाखवायला लागेल," ते म्हणतात. "पण मामीला सांगायचं न्हाई."

घाटाच्या पायऱ्या पाण्याशी संपत नाहीत. त्या पाण्याच्या कडेने वळतात आणि खाली उतरतात, गोल गोल, विहिरीत उतरावं तशा. दगड संपून धातू सुरू होतो, राखाडी, गार. अंबिका भिंतीला हात लावून उतरते.

"हे कुठलं?"

"पहिल्या प्लगाचं भोक. हे त्याचे आटे."

स्क्रूला गोल गोल खाचा असतात ते आटे. त्यांच्यावर उभं राहिलं की तो जिना होतो, हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. मामा पुढे, ती मागे. चौथ्या वळणावर तिची चप्पल पायरीला चिकटते. ती ओढते. चप्पल येत नाही, पाय येतो. पुढच्या पायरीला पायच चिकटतो.

"मामा, गंज असा चिकटत नाही."

"न्हाई का?" मामा भिंतीकडे बघत म्हणतात. भिंतीवर काहीही नाही, तरी ते वाचल्यासारखं करतात.

ती वाकून पायरी नखाने खरवडते. तपकिरी, काचेसारखा तुकडा निघतो. उजेडाला धरला तर आरपार दिसतं. आचाऱ्याची भाची आहे. पुढचं ती विचार न करताच करते. जिभेला लावते.

"मामा."

"हं."

"हे गोड आहे."

"असंल."

"इंजिनात गोड कसं, मामा?"

मामा पायरीवर बसतात. बसल्यावर तेही चिकटतात, पण आता त्याचं त्यांना काही वाटत नाही.

"चार वर्षं झाली," ते म्हणतात. "प्लग बदलायचे होते. बसू म्हणाला, आट्यांना थेंबभर तेल लावून बसवा निवृत्तीदा, म्हंजे पुढं काढताना सुखानं निघतील. मी भादवणच्या लग्नाला होतो, तू नव्हतीस त्या खेपेला. मांडवामागंच गाडी उभी केली, म्हटलं पाच मिनिटांचं काम. दोन डबे होते शेजारी शेजारी. सारखेच. एकात तेल."

"आणि दुसऱ्यात?"

"जिलेबीचा पाक."

वर कुठेतरी, फार लांबून, पाण्याचा आवाज येतो.

"तिन्ही प्लगांना लावला," मामा सांगतात. "बोटानं, नीट, सगळीकडं. आणि आवळले. गॅस गळती नको म्हणून रेग्युलेटर आवळतो, तसे आवळले. पाइप लावून."

"कळलं कधी?"

"तासाभरानं. सगळी जिलेबी तळून एकदम पाकात सोडली, तर डब्यात गाडीचं तेल."

अंबिका उभ्याउभ्या गार होते. "म्हणून भादवणला जिलेबी नव्हती!"

"लाडू वाढले."

"मामा, अख्ख्या तालुक्यात बोभाटा झाला होता! मुलीकडचे म्हणाले मुलाकडच्यांनी साखर कमी दिली, मुलाकडचे म्हणाले ह्यांनीच जिलेबी पळवली. ती दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत!"

"माहीत हाय. दोन्हींकडं जेवलोय मी नंतर."

"सांगितलं का नाही?"

मामा हातातल्या झाऱ्याची भोकं मोजायला लागतात. "चाळीस वर्षांचा आचारी," ते शेवटी म्हणतात. "तेल आणि पाक ओळखला न्हाई म्हणून कुणाला सांगू? बसूला? मामीला? जिवंतपणी सांगवलं न्हाई. मेल्यावर सांगू म्हटलं, तर अकरा महिने तेवढा धीर गोळा करण्यातच गेले."

तिला त्यांचा राग यायला हवा, आणि येतोही. पण जिन्यात जागा कमी आहे, राग नीट पसरत नाही.

"एकतारी होता ना जिलेबीचा?" ती विचारते.

"एकतारी. रोज गाडी तापायची, रोज तो आत शिजायचा. मंद आच, झाकण घट्ट."

"गोळीबंद झाला."

"गोळीबंदच्याही पुढं. चिक्कीचा." मामांच्या आवाजात नको तिथे अभिमान डोकावतो. "भट्टीवर इतका एकसारखा पाक माझ्या हातनं कधी उतरला न्हाई, अंबे."

आणि ती आठवडाभर त्यावर तेल ओतत होती. पाकाला तेल. साखर तेलात विरघळते का? मग शंकरपाळी तळली कशी असती?

"पाकाचं पातेलं कशानं घासतीस?" मामा विचारतात. हा त्यांचा शिकवायचा आवाज. सहा वर्षं तिने तो ऐकलाय.

"घासत नाही. आधण ओतून ठेवते. आपोआप सुटतं."

"पाणी गार झाल्यावर?"

"फेकून दुसरं ओतायचं. कडकडीत."

"आणि जोर?"

"जोर लावायचा नाही."

"तार बघ," मामा म्हणतात.

भिंत मऊ व्हायला लागलीय. आट्यांच्या कडांवरून सोनेरी काहीतरी सावकाश ओघळतंय, आणि सगळ्या जिन्याला लग्नघराचा वास येतोय. अंबिका उजव्या हाताच्या चिमटीत थोडं घेते, अंगठा आणि बोट एकमेकांवर टेकवते, हळूच उघडते. मधे एक धागा उभा राहतो.

"तुटला?"

"नाही."

"मग फिरव."

मामा ड्रायव्हरच्या सीटवर बसलेत, शेडमध्ये, उन्हाच्या तिरिपेत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतात. शेवटची पंगत उठल्यावर, भट्ट्या विझवल्यावर, ते असेच हात ठेवायचे आणि एक निःश्वास टाकून "चला" म्हणायचे.

"चला," मामा म्हणतात, आणि उठतात.

सीट कुरकुरत आपोआप वर होते. मामा व्हॅनमध्ये वाकून उभे राहतात. बसायला कुठे जागा उरलेली नाही.

"तुम्ही कुठे बसणार?" ती विचारते.

"आचारी बसतो कधी? उभ्यानंच गेलं आयुष्य." ते तिच्या खांद्यावरून मागे बघतात, नीट, डोळे बारीक करून. "कोण न्हाई गं मागं. तूच हाईस."

"पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, मामा."

"घनसाळ," मामा म्हणतात.

"घनसाळ."

"आणि जुना घे. नव्याचा गिचका होतो."

हिंग बरोबर वेळेला पडतो. मोहरी तडतडते, तडतडते, आणि पत्रा होते.

सव्वातीन. सीट खाली आहे, रिकामी. पाना तिच्या पोटावर पडलाय. अंबिका डोळे चोळायला उजवा हात वर करते आणि थांबते, कारण अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना चिकटलेत. घाम असेल. तेल असेल. ती बोटं हळूच उघडते.

मधे एक तार उभी राहते. बारीक, सोनेरी. पत्र्याच्या भोकातून आलेलं ऊन तिच्यावर पडतं. अंबिका चिमूट आणखी उघडते. तार ताणते, आणखी ताणते, तुटत नाही.

"मामी!" ती तिथूनच ओरडते. "आधण ठेव!"

"आत्ता?" स्वयंपाकघरातून मामीचा आवाज येतो. "किती माणसांचं?"

"तिघांचं!"

मामी उकळतं पाणी चरवीत घेऊन येते, तिघं कुठे दिसत नाहीत म्हणून सगळीकडे बघते आणि मग भाची इंजिनावर पाणी ओततेय हे बघून काही बोलायचंच सोडून देते. पहिलं पाणी प्लगाच्या भोवती उभं राहतं आणि सावकाश तपकिरी होतं. "चहा करतीस काय?" मामी म्हणते. अंबिका ते फडक्याने टिपते आणि दुसरं ओतते. मग तिसरं. वाफ तोंडावर येते. ती पाना बसवते. पाइप लावत नाही. आधी केसाएवढं आवळते. मग उलटं.

कट्.

चिक्की मोडावी एवढाच आवाज. ती थांबते, केसाएवढं परत आवळते, पुन्हा सोडते. पाव फेरा. अर्धा. मग प्लग बोटांनी फिरतो, आणि फिरत फिरत अख्खा हातात येतो. न मोडता. आट्यांवर काचेसारखं तपकिरी काहीतरी चमकतंय.

मामी तो तिच्या हातातून घेते. उलटा करते, सुलटा करते, नाकाशी नेते. तिचा चेहरा हळूहळू बदलतो. मग ती कुणी बघत नाही अशा बेताने, अंबिका समोरच उभी असताना, त्याला जिभेचं टोक लावते.

"वेलची," मामी म्हणते. "इंजिनात वेलची घातलीया, मेल्यानं."

तेहतीस वर्षांच्या संसारात 'मेल्या' हा शब्द तिने नवऱ्यासाठी एकदाही काढला नव्हता. आता तो किती तंतोतंत लागू आहे हे तिच्या ध्यानात येतं, आणि ती पदर तोंडाला लावते. पदराआड हसू आहे की काय आहे ते अंबिकाला दिसत नाही. ती बघतही नाही. तिने पाना दुसऱ्या प्लगावर बसवलाय.

जरा वेळाने चरवी उचलल्याचा आवाज येतो.

"दुसऱ्याचं आणते," मामी म्हणते. "तू हात थांबवू नकोस."